गुणांची खिरापत आणि खेळाडूचे शिक्षण

पहाटे साडेपाचच्या सुमारास सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील रस्त्यांवर दोन प्रकारची माणसे भेटतात. रात्रपाळी संपवून थकल्या पावलांनी घराकडे निघालेले कामगार, आणि पाठीला पिशवी अडकवून त्र्यंबक रस्त्याच्या दिशेने धावत सुटलेली मुले. पुष्कळदा ही माणसे एकाच घरातली असतात. बाप यंत्राशेजारी रात्र काढून परततो, तेव्हा मुलगा सरावाला बाहेर पडत असतो. आपल्या वाट्याला आलेली पाळी मुलाच्या वाट्याला येऊ नये, एवढीच त्या बापाची इच्छा असते. कबड्डीत, धावण्यात, कुस्तीत मुलाने नाव काढावे, त्या बळावर महाविद्यालयात प्रवेश मिळावा, पुढे पोलीस, सैन्य वा रेल्वे यांपैकी कुठेतरी त्याचे बस्तान बसावे, हे त्या घराचे स्वप्न असते.

या स्वप्नाला हसण्याचे कारण नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्याचे कांस्यपदक जिंकली आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळविले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरींच्या खोदकामावर वडिलांबरोबर राबत होता. सैन्यात गेल्यावर त्याच्या हाती वल्हे आले आणि २०१६ साली तो रिओच्या ऑलिंपिकमध्ये पोहोचला. राधानगरी तालुक्यातील स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, जडणघडणीची काही वर्षे त्याने आपल्याच नाशकात काढली आणि २०२४ साली पॅरिसला त्याने नेमबाजीचे ऑलिंपिक कांस्य मिळविले. डोळ्यांसमोर अशी माणसे असताना श्रमिकनगरातल्या किंवा अशोकनगरातल्या एखाद्या मुलाने मोठे स्वप्न पाहिले, तर त्याचे कौतुकच करावयास हवे.

आमची चिंता वेगळी आहे. पदकापर्यंत पोहोचणाऱ्यांची नावे आपल्याला तोंडपाठ असतात. न पोहोचणाऱ्यांची कुणी मोजदादही करीत नाही. आमच्या पाहण्यातला एक मुलगा आहे. शाळेच्या कबड्डी संघाचा तो कणा होता. आठवीपासून त्याची निम्मी हजेरी मैदानावरच लागत असे. शाळेला ढाली मिळत होत्या, म्हणून कुणी हरकत घेत नसे. गणिताच्या तासाला तो नसला तरी प्रगतिपुस्तकात गणिताचे गुण मात्र असत. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळून तो उत्तीर्ण झाला, पेढे वाटले गेले, शाळेच्या फलकावर नाव लागले. महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि खेळ संपला. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीचे दार बंद झाले होते, आणि लेखी परीक्षेच्या दाराची किल्ली त्याला कुणी दिलेलीच नव्हती. आज तो कंत्राटी कामगार म्हणून बापाच्याच वाटेने रात्रपाळीला जातो. फरक एवढाच की, बापाची नोकरी कायम होती.

या मुलाचा अपराध कोणता? त्याने आळस केला नाही, वाममार्ग धरला नाही. शाळेने, प्रशिक्षकाने आणि आपण सर्वांनी जे मागितले, ते त्याने घाम गाळून दिले. त्याच्या वाट्याचे शिक्षण त्याला द्यावयाचे आम्ही राहून गेलो, आणि ती उणीव झाकण्यासाठी त्याच्या ओंजळीत काही गुण टाकले. या गुणांच्या खिरापतीला आपण प्रोत्साहन म्हणतो. वस्तुतः ती एका कर्जाची फसवी परतफेड आहे.

महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या खेळाडू विद्यार्थ्यांना स्पर्धेच्या पातळीनुसार चढत्या क्रमाने, कमाल पंचवीसपर्यंत वाढीव गुण देण्याची तरतूद आहे. शाळेने प्रस्ताव पाठवावा, जिल्हा क्रीडा कार्यालयाने प्रमाणपत्र पडताळावे आणि परीक्षा मंडळाने गुण मिळवावेत, अशी त्याची रीत. खेळासाठी दिलेल्या वेळेची भरपाई व्हावी, हा त्यामागचा हेतू निर्मळ होता. परंतु व्यवहारात या गुणांचा लाभ कुणाला होतो, हे एकदा डोळे उघडून पाहिले पाहिजे. दहावीच्या परीक्षेत शंभर टक्के गुण मिळविणारे विद्यार्थी २०२४ साली १८७ आणि २०२५ साली २११ होते. या शंभरीमागे क्रीडा आणि कला यांच्या वाढीव गुणांचा हात असतो, हे जाणकारांना ठाऊक आहे. म्हणजे ज्या मुलाला शिकवणी, पुस्तके आणि स्वतंत्र खोली उपलब्ध आहे, त्याच्या सत्त्याण्णव टक्क्यांचे शंभर करण्यासाठी हे गुण उपयोगी पडतात. जो मुलगा खरोखर मैदानावर राबला, त्याला त्यांतून पस्तिशीच्या काठावरचा एक कागद मिळतो. तो कागद दाखवून पुढे कोणतीही परीक्षा पार होत नाही.

येथे आपण आपल्याच घरात डोकावण्याचा प्रामाणिकपणा दाखवावा. मुलगा नववीत गेला की, कोणत्या खेळात स्पर्धक कमी आहेत, कोणत्या संघटनेचे प्रमाणपत्र लवकर मिळते, याची चौकशी सुशिक्षित मध्यमवर्गीय पालक करू लागतात. दहावीचा निकाल लागला की तो खेळ सुटतो. पोशाख आणि साहित्य माळ्यावर जाते. यात कायदा मोडला असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या मुलासाठी ती तरतूद होती, त्याच्या पुढची रांग आपण अडविली, हे तर खरे? राष्ट्राच्या चारित्र्याविषयी व्याख्याने ऐकणाऱ्या आणि देणाऱ्या घरांनी तरी हा प्रश्न स्वतःला विचारावा.

काठावरच्या या लहान मोहातूनच पुढचा मोठा अनाचार जन्मतो. राज्य शासनाने २००५ साली शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवले. निर्णय स्तुत्य होता. परंतु नोकरीचे दार एका प्रमाणपत्राने उघडते म्हटल्यावर त्या प्रमाणपत्राचा बाजार भरला. सामान्य माणसाने ज्यांचे नावही ऐकले नव्हते, अशा ट्रॅम्पोलिन-टंबलिंगसारख्या क्रीडाप्रकारांची बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली. गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. अखेर २०२२ साली बोगस प्रमाणपत्रे स्वतःहून परत करा, असे आवाहन करण्याची पाळी राज्याच्या क्रीडा खात्यावर आली. ज्या महाराष्ट्रात समर्थांनी गावोगावी मारुती उभा करून बलोपासनेचा संस्कार रुजविला, तेथे बळाचे खोटे दाखले विकले जावेत, याहून लाजिरवाणे ते काय? प्रत्येक खोट्या प्रमाणपत्रामागे एक खरा खेळाडू घरी बसला आहे, हे विसरून चालणार नाही.

खेळाडूच्या शिक्षणाचा हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉल हा लोकांच्या वेडाचा आणि प्रचंड पैशाचा विषय आहे. तेथील शाळकरी मुलेही महाविद्यालयीन संघात जागा आणि शिष्यवृत्ती मिळावी म्हणून जिवाचे रान करतात. शाळा त्यांना वरच्या वर्गात ढकलीत राहतात, हे ध्यानात आल्यावर टेक्सास राज्याने १९८४ साली कायदा केला. एखाद्या विषयात शंभरपैकी सत्तरपेक्षा कमी गुण मिळाले, तर सहा आठवडे कोणत्याही सामन्यात उतरता येणार नाही. फुटबॉलवेड्या पालकांनी आकाशपाताळ एक केले. प्रकरण न्यायालयात गेले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली तो नियम वैध ठरविला. महाविद्यालयीन क्रीडा संघटनेनेही १९८३ साली ठराव करून १९८६पासून, ठराविक विषय आणि किमान गुण नसतील तर पहिल्या वर्षी संघात स्थान नाही, असा दंडक घातला. आज तेथे पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांतून खेळू इच्छिणाऱ्या मुलाला शाळेतच सोळा मूलभूत अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात.

हे अनुकरणीय वाटेल. परंतु तेथील अनुभवाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, कारण आपल्याला खरा धडा तिथेच मिळतो. हे नियम कठोर होत गेले, तसे त्यांचा भार गरीब वस्त्यांतील, विशेषतः कृष्णवर्णीय मुलांवर पडू लागला. ज्यांच्या शाळाच निकृष्ट, त्यांच्याकडून गुण कुठून यावेत? जॉर्जटाऊन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांनी जानेवारी १९८९मध्ये एका नव्या अटीच्या निषेधार्थ सामना सुरू होण्यापूर्वीच मैदान सोडले, आणि ती अट पुढे सौम्य करावी लागली. दुसरे उदाहरण अधिक भयंकर आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठासारख्या नामांकित संस्थेत १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षे कागदावरचे वर्ग चालले. तास नाहीत, प्राध्यापक नाहीत; एक निबंध द्यावा आणि उत्तम श्रेणी घ्यावी. २०१४च्या चौकशी अहवालानुसार तीन हजार शंभरहून अधिक विद्यार्थी अशा वर्गांतून गेले, आणि त्यांतील जवळपास निम्मे खेळाडू होते. पात्रतेची अट होती, म्हणून पात्रता बनविण्याचा कारखानाच उघडला गेला! नियम फक्त मुलावर ठेवला आणि मोठ्यांना मोकळे सोडले की असे होते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. खेळाडू विद्यार्थ्याच्या अभ्यासाला किमान मर्यादा असावीच. पण त्या मर्यादेचे उत्तरदायित्व प्रथम शाळेचे, मग प्रशिक्षकाचे, मग क्रीडा संघटनेचे आणि सर्वांत शेवटी त्या मुलाचे असावे. आज हा क्रम नेमका उलटा आहे. मूल नापास झाले तर ते मूल दोषी. शाळेची ढाल मात्र मुख्याध्यापकांच्या कपाटात सुरक्षित.

असे वागणे आपल्या परंपरेत बसत नाही. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकले, तेव्हा ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी म्हणून ओळखले जात. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट आपण दातृत्वाची कथा म्हणून सांगतो. आम्हाला तिच्यात आणखी एक अर्थ दिसतो. विद्यार्थी मैदानावर असला तरी तो आपलाच विद्यार्थी आहे, हे त्या प्राचार्यांना ठाऊक होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४पासून व्यायामाला ज्ञानाची जोड दिली. १९३६ साली बर्लिनला आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविणारी ही संस्था पुढे शारीरिक शिक्षणाची महाविद्यालये चालवू लागली. तालीम आणि पाठशाळा यांत वैर असते, हा समज आपल्याकडे मुळात नव्हता. तो गेल्या काही दशकांत गुणपत्रिकांच्या बाजाराने निर्माण केला.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल, आणि तो हलका नाही. हरसूल-पेठच्या पाड्यांवरून आलेल्या, घरात शिक्षणाची पहिलीच पिढी असलेल्या मुलांवर अभ्यासाच्या अटी लादल्या, तर त्यांच्यापाशी असलेले एकमेव साधनही हिरावले जाणार नाही काय? तसे होऊ शकते, हे आम्ही मान्य करतो. थॉम्पसन यांचे म्हणणे तेच होते. परंतु अट न ठेवल्याने त्या मुलांचे भले होते, हाही भ्रमच आहे. महाराष्ट्रात पोलीस शिपाई होण्यास बारावी उत्तीर्ण व्हावे लागते. मैदानी चाचणी पन्नास गुणांची, तर लेखी परीक्षा शंभर गुणांची असते. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निवीर योजनेत सर्वसाधारण पदासाठी दहावीत एकूण पंचेचाळीस टक्के आणि प्रत्येक विषयात तेहतीस टक्के गुणांची अट ठेवली गेली. खेळाडू आरक्षणातल्या उमेदवारालाही पदाची शैक्षणिक अर्हता पुरी करावी लागते. म्हणजे अट पुढे आहेच. ती अठराव्या वर्षी अचानक भिंतीसारखी आदळते. तीच अट तेराव्या वर्षी पायरी म्हणून समोर ठेवली आणि चढताना हात धरला, तर त्या मुलाचे कल्याण होईल. दया दाखवून त्याला अज्ञानात ठेवणे ही दयाच नव्हे.

मग करावे काय? पहिली गोष्ट म्हणजे, नोंदणीकृत प्रत्येक खेळाडू विद्यार्थ्यामागे शाळेतील एक शिक्षक अभ्यासपालक म्हणून नेमावा. मुलाची उपस्थिती, भाषा आणि गणित यांतील प्रगती यांचा मासिक तक्ता त्याने ठेवावा आणि स्पर्धेच्या प्रवेशअर्जासोबत तो तक्ता जोडल्याखेरीज शाळेचा अर्ज स्वीकारला जाऊ नये. तक्त्यावर प्रशिक्षकाचीही सही असावी. मूल मागे पडले तर काही आठवडे सामने थांबावेत, सराव मात्र थांबू नये. कारण सराव थांबला की अनेक मुलांचा शाळेशी असलेला शेवटचा धागाही तुटतो. आणि त्या आठवड्यांत शाळेने जादा तास घेतलेच पाहिजेत. ते घेतले नाहीत, तर पुढील वर्षी त्या शाळेच्या संघाला प्रवेश नाकारावा.

दुसरी गोष्ट, वाढीव गुण टक्केवारीत मिसळणे बंद करावे. खेळातील कामगिरी गुणपत्रिकेवर स्वतंत्र ओळीत सन्मानाने नोंदवावी, आणि तिच्या आधारे प्रवेशासाठी खेळाडूंच्या राखीव जागा भराव्यात. खेळाडूला हवी असते ती वेळेची सवलत. राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेमुळे परीक्षा चुकणाऱ्या विद्यार्थ्यांची परीक्षा नंतर घेण्याची सोय केंद्रीय शिक्षण मंडळाने केली आहे. राज्य मंडळानेही खेळाडूला त्याच वर्षी, वेगळ्या तारखेला आणि तेवढ्याच कसाची परीक्षा द्यावी. यात उपकार नाही, आणि अपमानही नाही.

तिसरी गोष्ट प्रमाणपत्रांची. स्पर्धा झाली त्याच दिवशी सहभागी खेळाडूंची यादी आणि निकाल सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी प्रसिद्ध व्हावेत. खोटे प्रमाणपत्र वापरणाऱ्याबरोबर ते देणाऱ्या संघटनेचे पदाधिकारीही गजाआड गेले, तर हा बाजार उठायला वेळ लागणार नाही. चौथी गोष्ट हिशेबाची. १९९६पासून शासन क्रीडा प्रबोधिन्या चालविते; त्यांनी पदकांच्या यादीबरोबर आणखी एक यादी दरवर्षी प्रसिद्ध करावी. किती मुले दाखल झाली, किती दहावी-बारावी झाली, किती मधूनच सोडून गेली आणि पाच वर्षांनंतर ती काय करीत आहेत? ज्या संस्थेला ही यादी दाखवावयास संकोच वाटतो, तिच्या पदकांकडे आपणही थोडे साशंकतेने पाहावे.

शासन हे सारे करील तेव्हा करील. समाजाला वाट पाहण्याचे कारण नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले अभियंते, लेखापाल आणि पर्यवेक्षक या परिसरात मोठ्या संख्येने राहतात. निवृत्त शिक्षकही आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी, सराव संपल्यावर, मैदानाशेजारच्या एखाद्या खोलीत दहा-बारा मुलांना गणित आणि इंग्रजी शिकविण्यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही. एक फळा, एक दिवा आणि नियमितपणा एवढी सामग्री पुरे. सेवाकार्याची सवय असलेल्या आमच्या कार्यकर्त्यांना हे काम अवघड वाटू नये. वस्तीत व्यायामशाळा उभी करताना आपण जेवढा उत्साह दाखवितो, तेवढाच तिच्या शेजारी अभ्यासिका उभी करतानाही दाखवावा.

आणि पालकांनी, विशेषतः आपल्या वर्गातल्या पालकांनी, एक साधा नियम पाळावा. मुलाने खेळावे, भरपूर खेळावे, हरावे आणि पुन्हा खेळावे. पण प्रमाणपत्रासाठी म्हणून खेळू नये. दहावीनंतर सुटणारा खेळ हा खेळ नव्हेच.

उद्या पहाटेही सातपूरच्या रस्त्यावरून ती मुले धावत जातील. त्यांतील एखादे ऑलिंपिकला पोहोचेल, आणि आपण सारे त्याच्या मिरवणुकीत असू. उरलेल्यांचा गुडघा कधीतरी दुखेल, वय वाढेल, संघातले नाव वगळले जाईल. त्या दिवशी त्यांच्या हातात केवळ पितळी ढाल असावी की जगण्यास पुरेल एवढे ज्ञानही असावे, हे आपण आज ठरवायचे आहे. मुलांनी त्यांचा घाम दिला आहे. शिकविण्याचे आपले ऋण अजून फिटलेले नाही.